सोळा एमबीचा संशय

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे, पण तेही तिने स्वतः ताडलेलं — माझ्या तोंडून नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी संशयी माणूस आहे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. दुकानातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलतो. गाडीत पेट्रोल भरून आलो की टाकीत काडी घालून पाहतो, आणि काडी किती ओली झाली यावरून पंपावरच्या माणसाचं चारित्र्य ठरवतो. हसू येतंय ना? शाळेतही सगळे हसायचे. मीही त्यांच्यासोबत हसायचो, कारण मनातून मला त्याचा अभिमान होता. वाटायचं, सगळी दुनिया भोळी आहे, आपण एकटे शहाणे.

हे आलं वडिलांकडून. गोंदियाजवळ मुर्रीला आमची धानाची शेती. वडील धान घेऊन राइस मिलवर जायचे, मी पोत्यांवर बसून सोबत. घरून नीट तोलून नेलेलं धान तिथल्या काट्यावर हटकून कमी भरायचं. वडील भांडत नसत. परतताना एवढंच म्हणायचे, "कमी भरला म्हंजे कोणीतरी काहाडला. धान काई हवेत नाई उडत." लहानपणी ऐकलेलं असं एखादं वाक्य डोक्यात घर करून बसतं. मी पुढे गणिताचा मास्तर झालो, तरी माझं खरं गणित हेच राहिलं.

आता कॉम्प्युटरचं.

दोन हजार सालच्या आसपास मी घरी कॉम्प्युटर घेतला. आमच्या गल्लीतला पहिला. त्याला बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर, त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर. जोडून दिला मिलिंदने. मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र, एकाच बाकावरचा. नागपूरला हार्डवेअरचा कोर्स करून आला होता. कुडव्याला बुद्धविहाराच्या मागे त्याचं घर, त्यातल्याच एका खोलीत त्याचं काम. एरवी जुन्या स्कूटरवरून गावभर फिरायचा. खांद्याला थैली, थैलीत स्क्रूड्रायव्हर, सीडी आणि एक रंगाचा ब्रश — धूळ झाडायला. मला तो "मास्तर" म्हणायचा, आणि त्यात मस्करी असायची.

त्या यंत्राने मला वेड लावलं. मी त्याचं रूप सारखं बदलत असायचो. पडद्यावर इटियाडोह धरणाचा मी काढलेला फोटो लावला. बाणाच्या जागी धावतं हरीण आणलं. मशीन सुरू झालं की माझी मुलगी "बाबा, अभ्यास झाला का?" असं ओरडायची — तिचा आवाज मीच भरून घातला होता. शाळेतले सहकारी हे बघायला घरी यायचे. त्यांच्याही घरी हळूहळू कॉम्प्युटर आले, आणि मी त्यांच्याकडे जाऊन असलीच सजावट करून द्यायला लागलो. स्टाफरूममध्ये माझं नाव पडलं, कॉम्प्युटरवाले सर. आतल्या भागांतलं मला काय कळत होतं? काही नाही. वरून रंग देणारा मी, आतलं सगळं मिलिंदचं.

तीन-चार वर्षांत मशीन थकलं. सुरू होईस्तोवर चहा व्हायचा. मिलिंद म्हणाला, बोर्ड बदलू, रॅम दोनशे छप्पनची टाकू, मग बघ कशी पळते. रॅम म्हणजे काम करताना मशीनला लागणारी जागा. जेवढी जास्त, तेवढं ते मोकळं चालतं. मी हो म्हटलं. तो मशीन कुडव्याला घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून जोडून दिलं. खरंच पळायला लागलं. मुलगी चहाच्या आधीच ओरडायला लागली.

तो गेल्यावर मी माझ्या सवयीने साखर तोलली. म्हणजे, पडद्यावर मशीनची माहिती उघडून पाहिली. तिथे लिहिलं होतं — दोनशे चाळीस.

दोनशे छप्पन नाही. दोनशे चाळीस. सोळा कमी.

तुम्हाला काय वाटलं असतं? तुम्ही फोन केला असता बहुतेक. बाबा रे, इथे आकडा कमी दिसतोय, का? एवढं साधं. मी फोन केला नाही. चोराला विचारून चोरी कळते का, असं मी मनाशी म्हटलं. बघा, कुणी काही बोलायच्या आधीच तो माझ्या मनात चोर झाला होता. कमी भरलं म्हणजे कुणीतरी काढलं! चांगली रॅम स्वतःकडे ठेवून मला कुठली तरी जुनी, झिजलेली टाकून दिली, असा मी हिशेब लावला. मशीन त्याच्या घरी एक रात्र होतं ना! मी शेजारी बसलो नव्हतो ना! अहो, पोत्यातून ओंजळभर धान काढता येतं, रॅममधून सोळा ओंजळी कशा काढणार? दोनशे चाळीसची रॅम कुणी बनवतच नाही. मी गणिताचा मास्तर, दोनचे घात वर्गात शिकवणारा — आणि हे मला सुचलं नाही. सुचू दिलं नाही.

आणि त्याने मला काही सांगितलंही नव्हतं —

नाही. हे खोटं लिहिलं. इथवर आलो आहे तर खरं लिहितो. त्याने सांगितलं होतं. मशीन जोडताना, माझ्याकडे पाठ करून, वायर खोचता खोचता तो म्हणाला होता, "आता डिस्प्लेचं कार्ड काहाडलं गा मास्तर, या बोर्डात डिस्प्ले आतच हाये. तो थोडी मेमरी खाते, बाकी काई नाई." मी ऐकलं होतं. आकडा पाहिल्यावर ते मला आठवलंही. आणि मला वाटलं — बघा, पाप लपवायला आधीच सबब सांगून ठेवली.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. पण कावीळ आपण होऊन मागवत नाही कुणी. मी मागवली.

मग मी एक उपाय काढला. बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली, मशीन उघडलं, आणि रॅमच्या कोपऱ्यावर लाल ठिपका दिला. बोर्डावर एक, हार्ड डिस्कवर एक. पुन्हा बदललं तर कळावं म्हणून. बायको दारात उभी होती. म्हणाली, "काऊन जी, मिलिंदभाऊवर तुमचा भरवसा नाई का? इतक्या वर्षांचा माणूस हाये." मी म्हटलं, खात्री करून घ्यायला काय जातं. तिने बाटली परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं. नाव घेऊन. रंगवून. माझ्या हुशारीची गोष्ट म्हणून! सगळ्यांना ठिपक्याची युक्ती फार आवडली. त्यांच्याही घरची मशीन मिलिंदच बघायचा. कुणीतरी म्हणालं, "त्यांचं असंच असते, आपण सावध राहावं." 'त्यांचं' म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी हसलो. त्या हसण्याबद्दल मला पुढे पुष्कळ विचार करावा लागला. मुख्य बाजारात मोठ्या पाटीचं दुकान असलेल्या शेठजीने मशीन जोडून दिलं असतं, आणि सोळा कमी दिसले असते, तर मी काय केलं असतं? फोन केला असता. शेठजी, जरा सांगाल का, असं अदबीने विचारलं असतं. एका बाकावर बसलेल्या मित्राला मात्र विचारलं नाही. का? उत्तर मला माहीत आहे. तुम्हालाही कळलं असेल.

एकटे लांजेवार सर तेवढे मिलिंदच्या बाजूने बोलले. ते विज्ञान शिकवायचे, शांत माणूस. म्हणाले, "माझी मशीन त्यानं दोनदा खोलली, काई गेलं नाई. विचारून तरी पाहा." मी म्हटलं, सर, तुम्ही भोळे. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे पडद्यावरची चित्रं बदलून द्यायला गेलो, आणि ते आत चहाचं सांगायला गेले असताना त्यांचं मशीन उघडून दोन ठिपके माझ्या हाताने देऊन आलो. त्यांना नंतर सांगितलं. ते नाराज झाले, पण पुसायचं राहून गेलं असेल. तशी कामं राहूनच जातात.

यानंतर मी ठरवलं, मिलिंदला मशीनला हात लावू द्यायचा नाही. ऑपरेटिंग सिस्टीम नवी टाकायची होती, ती मीच टाकणार. पुस्तक आणलं, सीडी मिळवली. एका रविवारी, दुपारी गेलेली वीज येऊन थोडा वेळ झाला होता, मी बसलो. पुस्तकात लिहिलं होतं की सीडीवरून सुरू करायचं तर आधी बोर्डाच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. मशीन सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो. तो आला. मी एकेक ओळ वाचत खाली गेलो. आणि एका ओळीत लिहिलं होतं, डिस्प्लेसाठी राखलेली मेमरी : १६.

मी ते आठ केलं. मशीन पुन्हा सुरू केलं. दोनशे अठ्ठेचाळीस.

पुन्हा सोळा केलं. दोनशे चाळीस.

पुन्हा आठ. पुन्हा सोळा. किती वेळा केलं कोण जाणे. प्रत्येक वेळी मुलगी आतून ओरडायची, बाबा, अभ्यास झाला का. शेवटी मी स्पीकरची वायर काढून टाकली.

रॅम नवीच होती. पूर्ण होती. कुणी काही काढलं नव्हतं. त्याने जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं, आणि मशीन आणून दिल्यापासून पंधरा दिवसांच्या आत ते मला कळलं. हे नीट लक्षात घ्या, कारण यापुढे मी जे केलं ते गैरसमजातून केलेलं नाही.

त्या दुपारी मी काय केलं? ब्लेड घेतली आणि माझ्या मशीनवरचे तिन्ही ठिपके खरवडून काढले. स्वच्छ. मग नखात अडकलेला लाल रंग साबणाने धुतला. बायको बघत होती. मी ताकास तूर लागू दिली नाही. तिने ताडलं ते तेव्हाच.

सोमवारी स्टाफरूममध्ये उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, की माझी चूक झाली. लोक हसले असते. कॉम्प्युटरवाल्या सरांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं चार दिवस चाललं असतं. बस. एवढीच त्याची भीती. त्या चार दिवसांच्या हसण्यासाठी मी गप्प बसलो.

तेवढ्यात शाळेत संगणक खोली करायचं ठरलं. दहा मशीन जोडायची, आणि वर्षभर सांभाळायची. मिलिंदच्या कानावर ते गेलं होतं. तो माझ्याकडे आला, आणि मी त्याला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं असेल. हे काम मिळालं की घरातल्या खोलीतून उठून रस्त्यावर दुकान टाकीन, म्हणाला. बघूनही ठेवलं होतं, कुडव्याच्या नाक्यावर. "लोक घरात येऊन काम देत नाई गा. पाटी दिसली पाह्यजे. शाळेचं काम केलं म्हटलं का माणसाचं नाव होते." मी म्हटलं, होईल तुझं.

आमचे मुख्याध्यापक हिंदीत बोलायचे. बैठकीत लांजेवार सरांनी मिलिंदचं नाव सुचवलं. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले, कारण कॉम्प्युटरचं मला विचारायची पद्धत होती. "आप तो जानते हो उसको. भरोसे का आदमी है?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ज्यांना मी ठिपक्याची गोष्ट सांगितली होती, ते सगळे. 'हो' म्हटलं असतं तर लगेच कुणीतरी विचारलं असतं, मग ते सोळा एमबी?

मी म्हणालो, "आदमी अच्छा है, सर. बस, सामान गिन के लेना पड़ेगा."

काम बाजारातल्या दुकानाला गेलं.

वाटलं होतं, एक काम गेलं, दुसरं मिळेल. पण असं वाक्य बैठकीत थांबत नाही. ते गोंदियाभर फिरलं. लोक मिलिंदला बोलवायचे, पण तो मशीन उघडायला लागला की घरातलं कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसायचं. मशीन घरी नेऊ द्यायचं कुणी नाही. मग हळूहळू बोलावणंही थांबलं. नाक्यावरच्या त्या गाळ्यात सायकल दुरुस्तीवाला आला.

दोनेक वर्षांनी मिलिंद एकदा घरी आला. स्कूटर लावून थेट आत, पाणीही घेतलं नाही. लांजेवार सरांचं मशीन बिघडलं म्हणून ते उघडलं होतं, आणि आत लाल ठिपके दिसले होते. आधी आणखी एका घरी दिसले होते, तेव्हा त्याला अर्थ लागला नव्हता. आता लागला. तो माझ्यासमोर बसला, हाताच्या पंजांकडे बघत. मग म्हणाला, "तुह्या शाळेतूनच निघाली हाये ही गोष्ट. एक सांग मास्तर. तू तर नाई ना म्हटलं?"

मी इतका वेळ घुटमळत इथवर आलो. रॅम, ठिपके, बैठक, ते सगळं सांगून झालं. पण सांगायचं होतं ते हे. तो दारात आला होता. त्याने विचारलं होतं. दोन वर्षं मला जे बोलायला जमलं नाही, ते त्याने स्वतः माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. मी फक्त 'मीच' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "मी? मी कायले म्हणीन?"

त्याने श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला बघवलं नाही. "मले माईत होतं," तो म्हणाला. "तू नाई म्हणणार. लांजेवारच असन. मशीन त्याचीच. गोड बोलून ठिपके लावते."

मी काय बोललो? लांजेवार सरांनी तुझी बाजू घेतली होती, असं बोललो? नाही.

"असू शकते," मी म्हणालो. "कोणाचं काय सांगावं."

मग त्याने पाणी मागितलं. बायकोने आणून दिलं. ती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं सोडलं नाही, भांडणही केलं नाही. फक्त मिलिंद घरी आला की ती काहीतरी काम काढून बाहेर जाते.

आणि तो येतो, अजूनही! आता बाजारात दुसऱ्याच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असतो. माझं मशीन त्याने त्यानंतर तीनदा बदललं, दरवेळी माझ्यासाठी वेळ काढून. आता लोकांवर त्याचा भरवसा नाही. कुणी गोड बोललं की तो माझ्याकडे बघून डोळा बारीक करतो, म्हणजे हा आतून कसा असेल सांगता येत नाही. जुन्या ओळखी त्याने एकेक करून तोडल्या. माझ्याबद्दल म्हणतो, गोंदियात एकच माणूस सरळ निघाला. हे तो माझ्या मुलीसमोरही म्हणतो. लांजेवार सर त्याला रस्त्यात थांबवायला बघायचे, तर हा स्कूटर वळवून घ्यायचा. सरांनी मला दोनदा विचारलं, मिलिंद माझ्यावर कशाने रागावला? मी म्हटलं, काही कल्पना नाही, सर.

लांजेवार सर दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात गेले. सकाळी कळलं. मी मिलिंदला फोन केला — कशाला केला, देव जाणे. तो म्हणाला, "तू जा गा. ज्यानं मले चोर म्हटलं, त्याच्या मौतीले मी कायले येऊ?" मी बरं म्हटलं, आणि फोन ठेवला.

मी गेलो. अंगणात मंडळी जमली होती. सरांचा मुलगा माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघत. "मिलिंदकाका नाई आले का जी? बाबा शेवटपर्यंत विचारत होते त्यायले."

मी म्हटलं, त्याला कुणी कळवलं नसेल.